आजोबांवरची काट

खंडोबाच्या जत्रेत रेकॉर्डर उघडा धरायचा नसतो. जर्मनीहून आलेल्या मानववंशशास्त्राच्या त्या विद्यार्थिनीला हे कुणी सांगितले नव्हते. गुंथर सोंथायमर यांचे खंडोबावरचे लेखन वाचून ती छत्रपती संभाजीनगरला आली होती आणि मी तिची दुभाषी होते. शहराच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या साताऱ्यात आम्ही चंपाषष्ठीला गेलो. वाघ्याने बोलायला तोंड उघडले आणि मागून कुणीतरी मूठभर भंडारा उधळला. रेकॉर्डरची जाळी भरली, वही, केस, भुवया सगळे पिवळे. रात्री ऐकायला बसलो तर मुलाखतीच्या जागी दिमडी, ‘येळकोट येळकोट’चा गजर आणि एका बोकडाचे मनसोक्त ओरडणे!

तिथल्याच एका घरी आम्हाला जेवायला बसवले. आषाढापासून सोडलेली वांगी आणि कांदा त्या दिवशी नैवेद्यानंतर ताटात येतात. भरीत, बाजरीचा रोडगा, वर लसणाचा ठेचा. पाहुणीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी ती वाढलेले सगळे जेवली. बायकांना ती तिथेच आवडली.

जेवणानंतर तिने घराची वंशावळ काढायला घेतली. ही पद्धत मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी 1898 च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत बसवली. आता तिच्यातल्या खुणा अशा: पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, मेलेल्या माणसावर तिरकी रेघ. घरातल्या आजी शेजारी बसून बघत होत्या. आपल्या मालकांच्या त्रिकोणावर रेघ ओढलेली दिसताच त्यांनी तिचा हात धरला.

“आगं, त्यांच्यावर काट का मारली?”

“आजी, ते वारलेत ना, म्हणून,” मी म्हणाले.

“वारले म्हणून काय माझे मालक राहिले नाहीत का? पुस आधी!”

तिने खोडरबर काढले. मग उलटतपासणी सुरू झाली. तुह्या मायचं माहेर कोणतं? बापाला भाऊ किती? जमीन किती? वहीच्या कोऱ्या पानावर बायकांनी तिलाच तिचे घराणे मांडायला लावले. आईबापाच्या जोडीवरही काट आली, घटस्फोटाची. आजींनी तिच्याकडे पाहिले आणि सुनेला चहा टाकायला सांगितले.

आजींचे म्हणणे मला पूर्ण पटले. त्या घरात आजींच्या मुलाच्या नावापुढे आजोबांचे नाव लागते, सातबाऱ्यावर अजून तेच आहेत, पितृपक्षात त्यांचे पान वाढले जाते. आल्यागेल्याशी त्यांचा संबंध रोजचा आहे. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी 1953 च्या ग्रंथात भारतभरच्या नातेसंबंधांची मांडणी केली, आणि पंढरीच्या वाटेवर त्या दिंडीबरोबर स्वतः चालल्याही. असे चालल्याशिवाय, कुणाच्या पंगतीला बसल्याशिवाय ही काट खुपत नाही.

चहा होईपर्यंत आजींनी व्हिडिओ कॉलवर तिच्या आईला गाठले. पहिला प्रश्न मी जर्मनीपर्यंत पोचवला: “पोरगी एवढी वाळली कशी?”