अख्खा घाट एका फ्रेममध्ये

शनिवार, पहाटेचे साडेपाच. कात्रजच्या एका पेट्रोलपंपाबाहेर आम्ही चौघं एका अल्टोत कोंबले गेलो. पायाशी पाण्याचा बॉक्स, मानेला टेकलेला ट्रायपॉड आणि माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली एक लेन्स. ‘ती पडली तर तूही उतर,’ असं आमच्या कॅमेरामनने आधीच बजावलं होतं. हा कॅमेरामन सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहितो, बरं का!

निघालो होतो वाईजवळच्या मेणवलीला. तुम्ही ‘स्वदेस’ (२००४) पाहिला असेल तर मेणवली पाहिलीच आहे. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि घाटावर टांगलेली ती भलीमोठी घंटा. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांकडून आलेली. पण आम्ही आलो होतो एका आजीसाठी.

आजी म्हणजे आमच्या डिरेक्टर मैत्रिणीची आजी. वय ८२. जवळपास साठ वर्षं रोज सकाळी घाटावर जाणारी. पुढच्या महिन्यात घर विकून तिला पुण्याला फ्लॅटमध्ये आणायचं ठरलं होतं. त्याआधी आठ मिनिटांची फिल्म करायची, एवढाच प्लॅन. आजीची अट एकच. ‘रविवारी चारनंतर मला वेळ नाही. मोडीची भांडी न्यायला माणूस यायचाय.’

आता त्या लेन्सबद्दल. सिरुई कंपनीची ५० मिलिमीटर, एफ १.८, ॲनामॉर्फिक. ॲनामॉर्फिक म्हणजे दृश्य आडवं चेपून सेन्सरवर बसवणारी. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे उंच आणि बारीक दिसतात (आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःला आवडले). मग एडिटिंगमध्ये चित्र १.३३ पट ताणायचं. १६:९ ची फ्रेम ताणली की साधारण २.३७:१ होते, म्हणजे थिएटरमधलं ते लांबलचक सिनेमास्कोप. असल्या लेन्स एरवी भाड्यानेही परवडत नाहीत. ही २०२० मध्ये क्राउडफंडिंगमधून आली आणि पुढे ७०० डॉलरच्या आसपास विकली गेली. आम्ही तिघांनी कॉन्ट्रिब्युशन काढून सेकंड हँड घेतली. वर-खाली काळ्या पट्ट्या मारूनही तोच आकार मिळतो, मग लेन्स कशाला? हा प्रश्न मीही विचारला होता. उत्तर असं, की पट्ट्या मारल्या की चित्राचा तेवढा भाग फुकट जातो. इथे सेन्सर पूर्ण वापरला जातो, शिवाय उजेड लेन्सवर आला की ती निळी आडवी रेघ मिळते.

सुरूर फाट्याला मिसळ खाऊन आठच्या सुमारास पोहोचलो आणि पहिल्याच टेकला सगळी हवा गेली. माजघर एवढंसं. लेन्स ८५ सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही आणि मागे सरकावं तर पाठीला भिंत. ‘वाइड’ फ्रेमची लेन्स म्हणून सगळी खोली मावेल, हा आमचा भोळा समज. आडव्या बाजूने ती जेमतेम ३७-३८ मिलिमीटरच्या साध्या लेन्सइतकं बघते. वर-खाली तर पन्नासच. कसाबसा आजीचा क्लोजअप घेतला, लॅपटॉपवर ताणला. आजी चष्मा पुसून म्हणाली, ‘मी एवढी कधी सुजले गं?’

खरंच सुजली होती. जवळच्या अंतरावर ही लेन्स पूर्ण १.३३ पट चेपत नाही, पण ताणताना आपण पूर्ण ताणतो, म्हणून गाल फुगतात. यावर हसायचं कारण नाही. १९५३ मध्ये ‘द रोब’मधून सिनेमास्कोप आलं, तेव्हा बड्या बड्या स्टार्सचेही चेहरे असेच फुगायचे. हॉलिवूडमध्ये त्याला चक्क गालगुंड म्हणत! आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप ‘कागज के फूल’, १९५९ चा. कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. त्यातल्या अंधाऱ्या रिकाम्या स्टुडिओतली दोन माणसं आठवा. माणसं लहान, मधली मोकळी जागाच मोठी.

हे आठवायला आम्हाला दुपार झाली. मग कॅमेरा अंगणात नेला. आजी माजघराच्या दारात बसून तांदूळ निवडतेय आणि दोन्ही बाजूंना ओसरीची भिंत. भिंतीवर कालपर्यंत फोटो होते. ते काढल्यावर राहिलेले फिकट चौकोन डावीकडे तीन, उजवीकडे दोन. साध्या फ्रेममध्ये आजी आली असती, चौकोन नसते आले. डिरेक्टर बाई तो शॉट संपेपर्यंत मॉनिटरकडे बघतच नव्हत्या. पाठ करून उभ्या होत्या.

रविवारी सहाला घाटावर. (परवानगी आधी काढा, इथे शूटिंगची सवय असली तरी.) पायऱ्या आडव्या, नदी आडवी, पलीकडचा काठही आडवा. ही जागा जणू याच लेन्ससाठी बांधलीय! कॅमेरा हलवायचाच नाही. आजी डावीकडून येते, एकेक पायरी उतरते, पाण्याशी पोहोचते, तरी फ्रेममध्येच. दोन मिनिटं दहा सेकंद, एकच टेक. मध्येच ऊन पाण्यावरून लेन्सवर आलं आणि आजीच्या कपाळावरून निळी रेघ गेली. ‘हे काय, परग्रहावरची आजी आहे का?’ डिरेक्टर वैतागली. खरं सांगू? ही रेघ यूट्यूबवर भारी वाटते, पण आजीच्या नऊवारीशेजारी उपरी दिसते. ट्रायपॉड फूटभर सरकवला, रेघ गायब. आजी विनातक्रार पुन्हा वर चढली, पुन्हा उतरली.

परतीचा शॉट राहिलाच. भांडीवाला चारऐवजी तीनलाच आला. आम्ही कॅमेरा बाजूला ठेवून दोन बंब आणि एक घंगाळ टेम्पोत चढवलं.

निघताना आजीने विचारलं, ‘त्यात अख्खा घाट आलाय ना? मग मला तेवढा एक फोटो करून दे.’

मागच्या आठवड्यात प्रिंट काढली. लक्ष्मी रोडचा फ्रेमवाला म्हणाला, ‘या साइजची फ्रेम येत नाही. दोन्ही बाजूंनी थोडं कापू?’ मैत्रीण एवढ्या जोरात ‘नाही’ म्हणाली, की दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली. फ्रेम ऑर्डर देऊन करून घेतली. लेन्सच्या हिशोबात तो खर्च आम्ही धरलेला नाही.