स्टिअरिंग सरळ, गाडी वाकडी!

एक कबुली द्यायची आहे. बाबांना देऊन झाली, आता तुम्हाला.

आमच्याकडे एक पद्मिनी आहे. हो, तीच! मुंबईकरांची काळी-पिवळी. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांनी गळे काढले. मीही त्यावर एक फीचर पाडलं होतं. आमची मात्र पांढरी. सौंदडला, घरामागच्या शेडमध्ये, धानाच्या पोत्यांशेजारी बारा वर्षं उभी. बाबा रिटायर झाले आणि तिच्या मागे लागले. इंजिन उतरवलं, पुढचे बुश, टाय रॉडचे एंड, सगळं नवं. गावातल्या मिस्त्रींसोबत तब्बल आठ महिने.

जुलैत मी पुण्याहून घरी आले तेव्हा गाडी तयार होती. एवढंच, की चाकं सरळ ठेवली तरी स्टिअरिंग डावीकडे कललेलं. ‘‘अलाइनमेंट बाकी आहे, तोवर हायवेवर नेऊ नका जी,’’ एवढं मला सांगून मिस्त्री रोवणीला गेले. चार दिवस.

पण मला रील करायचं होतं ना! वाकडं स्टिअरिंग फ्रेममध्ये फारच वाईट दिसत होतं. मग काय, यूट्यूब झिंदाबाद! हॉर्नचं बटण काढलं, नट सोडला, स्टिअरिंग उपसलं आणि दोन-तीन दाते सरकवून सरळ बसवलं. बाबा दुपारी झोपले होते. उठून म्हणाले, ‘‘मिस्त्री येऊन गेले वाटतं?’’ मी नुसतं हसले.

दुसऱ्या दिवशी ते आईला घेऊन साकोलीला निघाले. मी मागच्या सीटवर. नागपूर-रायपूर हायवे म्हणजे ट्रकची न तुटणारी रांग. गावात सगळं ठीक होतं. साठचा वेग आला आणि गाडी तरंगायला लागली. बाबा स्टिअरिंग इकडून तिकडे नेत होते आणि मधली दोन-तीन बोटं काही म्हणजे काही होत नव्हतं. शेजारून एक ट्रेलर सुसाट गेला, गाडी डावीकडे ढकलली गेली आणि बाबांनी सावरेपर्यंत दोन चाकं चिखलात. कुणाला लागलं नाही. आई एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर किल्ली खिळ्याला गेली. जेवताना बाबा हळूच म्हणाले, ‘‘गाडी ठीक आहे गं. माझाच हात गेला आता. गिऱ्हाईक बघू.’’

आणि लोकांना प्रश्न विचारून पोट भरणारी मी, ताटात बघत गप्प. रात्रभर गप्प.

सकाळी मिस्त्रींच्या बांधीवर गेले. पोटरीभर चिखलात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. ‘‘हँडल काढून लावलं का तुमी? मग आधी बाबांना सांगा. पाना मी नंतर हाती घेतो.’’

सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे एक रात्र मला फुकटच म्हातारं केलंस.’’

संध्याकाळी मिस्त्रींनी समजावलं ते असं. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही. तुमच्या हाताचा जोर एका गिअरबॉक्समधून, म्हणजे स्टिअरिंग बॉक्समधून, टाय रॉडकडे आणि तिथून चाकांना जातो. या बॉक्सचे दाते बरोब्बर मध्यावर सगळ्यात घट्ट बसतात. बाजूला गेलं की थोडा ‘प्ले’ येतो. वळताना तो चालतो. सरळ रस्त्यावर नाही. आमची चाकं सरळ असताना बॉक्स मध्यावर नव्हताच. वाकडं स्टिअरिंग तेच तर ओरडून सांगत होतं! मी सांगणाऱ्यालाच गप्प केलं.

मग उलट्या टोकापासून सुरुवात. स्टिअरिंग पुन्हा जुन्या दात्यांवर. टाय रॉड सोडवून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, फेऱ्या मोजायच्या, निम्म्यावर थांबून खडूची खूण करायची. तो मध्य. आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही, चाकांनीच तिथे यायचं! टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. मधली नळी फिरवली की रॉड लांब किंवा आखूड होतो. एक बाजू जेवढी वाढवली, तेवढीच दुसरी कमी. शेवटी टायरवर खडूच्या खुणा करून मागून टेप लावला, गाडी अर्धा फेरा ढकलली, त्याच खुणा पुढे आल्यावर पुन्हा मोजलं. पुढचं अंतर दोनएक मिलिमीटर कमी हवं, कारण पळताना चाकं किंचित बाहेर फाकतात. मी गाडीखाली, टेप बाबांच्या हातात. सहा वेळा मोजलं. त्यांचा हात एकदाही हलला नाही.

रविवारी पुन्हा साकोली. आई पुढे बसली, स्वतःहून. ट्रेलर गेला, गाडी आपल्या रेषेत राहिली. वळणानंतर बाबांनी पकड सैल केली आणि स्टिअरिंग आपसूक मध्यावर आलं.

अगदी मध्यावर नाही. केसभर डावीकडे दिसतं अजून. मिस्त्री म्हणाले, नळ्या थोड्या फिरवून तेही काढतो. बाबा म्हणाले, ‘‘राहू द्या.’’

रील अजून झालेलं नाही.