पाटीवरची क्षमता

महाळुंगेच्या कारखान्यात यंत्र चालवणाऱ्या वडिलांनी मुलाच्या ग्राफिक्स कार्डासाठी बोनस राखून ठेवला होता. त्रिमितीय आरेखन शिकणाऱ्या मुलाने तुलना मांडली. आरटीएक्स ३०६० ची सैद्धांतिक क्षमता १२.७ टेराफ्लॉप्स, मेमरी १२ जीबी. नव्या ४०६० ची १५.१, मेमरी मात्र ८ जीबी. त्याचे मन नव्याकडे ओढत होते.

वडील म्हणाले, “पाटीवरची क्षमता वेगळी आणि पाळीअखेरचे उत्पादन वेगळे. तुझ्या कामाला काय लागते?”

पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ महासंगणकही २०२० मध्ये कागदावर ५.२६७ पेटाफ्लॉप्सचा होता; चाचणीत सुमारे ४.६ भरला.

मुलाने आपली आरेखने तपासली. ती दहा जीबी मेमरी मागत होती. घरी कमी आकड्याचे कार्ड आले. काम अडले नाही.