ओल

मोहगाव या नावातच मोहाचे झाड आहे. परंतु गावातील जुनी घरे उभी राहिली ती सागाच्या आधारावर. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात आला. सरकारी कागदावरची नावे बदलत गेली, तरी घरांतली बोली मराठीच राहिली. खांबाखालच्या दगडाला उथळा, आडव्या तुळईला मयाल आणि वरच्या कौलांना कवेलू म्हणणारी ही बोली. हे शब्द ज्या वस्तूंना चिकटले आहेत, त्या वस्तूच आता एकेक करून नाहीशा होत आहेत.

आमच्या वडिलोपार्जित घराचा प्रश्न गेल्या काही वर्षांत असाच ऐरणीवर आला. आम्ही भावंडे नागपूर-छिंदवाड्याकडे पांगलेलो. घरात एकट्या काकू राहतात. मागच्या पडवीचा एक खांब बोटाने दाबला तरी भुसभुशीत लागू लागला, तेव्हा घर पाडून स्लॅबचे दोन खोल्यांचे बांधकाम करावे, असे बहुतेकांचे मत पडले. काकू एवढेच म्हणाल्या, “मी आहो तोवर राहू द्या.” या वाक्यात विनंती किती आणि निर्णय किती, हे ठरवणे आम्हांला जड गेले. अखेर आधी जाणत्या माणसाला दाखवावे, यावर एकमत झाले.

गावातले वयोवृद्ध मिस्त्री आले. त्यांनी वाकसाच्या दांड्याने प्रत्येक खांब ठोकून आवाज ऐकला, भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या कुठवर चढल्या आहेत ते पाहिले आणि म्हणाले, “लाकूड पान्यानं नाही मरत जी, ओलीनं मरते.”

वरवर हे शब्दांचे खेळणे वाटते. पण त्यात सगळे शास्त्र आले आहे. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओलावा हवा आणि हवाही हवी. विहिरीत पूर्ण बुडालेले लाकूड वर्षानुवर्षे टिकते, कारण तिथे बुरशीला श्वास घेता येत नाही. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 20 टक्क्यांच्या खाली राहिला, तरीही तिचे काही चालत नाही. घात होतो तो या दोहोंच्या मध्ये, जिथे ओल आहे आणि वाराही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी फासळ्या दोन हजार वर्षे टिकल्या, याचे कारण तेच: त्यांना कधी माती लागली नाही, पाऊस लागला नाही आणि कोंदट हवाही लागली नाही.

जुन्या घरबांधणीने हे नियम कुठेही न लिहिता पाळले. लाकूड उभ्या नळ्यांतून पाणी वर ओढते, म्हणून खांबाचे टोक जमिनीत न पुरता उथळ्यावर ठेवले. पावसाचे पाणी भिंतीपासून दूर पडावे म्हणून वळचण पुढे काढली. बांबू पाण्यात मुरवून मग वाळवला. त्यातला पिठूळ अंश निघून गेला की भुंगेऱ्यांना त्यात खाण्यासारखे फारसे उरत नाही. सागाचाही गाभाच वापरला. कडेचे पांढरे लाकूड तासून टाकले. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्ये निसर्गतःच असतात, पांढऱ्या भागात ती नसतात. आज लवकर तोडलेल्या झाडांत हा पांढरा भागच अधिक असतो आणि रंग लावला की दोन्ही सारखेच दिसतात.

आमच्या खांबाचे दुखणे मिस्त्रींनी तासाभरात शोधले. काही वर्षांपूर्वी पडवीत फरशी बसवताना जमीन वीतभर उंच झाली आणि उथळा सिमेंटखाली गाडला गेला. दगडाने जी ओल अडवायची, ती आता खांबाभोवतीच कोंडली गेली. वरचा सगळा खांब खणखणीत होता. कुजला होता तो फक्त पायाशी.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. आजीच्या काळी चुलीचा धूर दिवसातून दोनदा मयालींना लागत असे. धुराने लाकूड कोरडे राही आणि त्यावर डांबरासारखा काळा थर चढे. रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना ज्या क्रिओसोट तेलाने टिकाऊपणा येई, त्याचाच हा घरगुती भाऊ म्हणावा. लाकडात दाबाने हे तेल मुरवण्याची पद्धत जॉन बेथेल यांनी इंग्लंडमध्ये 1838 साली आणली. आमच्या घरी तो दाब नव्हता. होती ती आजीची रोजची फुंकणी. गॅस आला आणि धूर थांबला, हे उत्तमच झाले. आजीचे झरणारे डोळे आणि रात्रीचा खोकला ज्याने पाहिला-ऐकला आहे, त्याला त्या धुराची स्तुती करवणार नाही. घर टिकवण्याची किंमत कोण मोजत होते, हे मात्र विसरू नये.

आधुनिक औषधांचीही अशीच किंमत असते. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी 1933 साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण तयार केले. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम दोघांना लाकडात पक्के बसवते. हा भारतीय शोध जगभर वापरला गेला. पुढे आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत 2003 च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी त्याचा वापर बहुतांशी थांबला. छपराखालच्या लाकडाला आज बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचे द्रावण पुष्कळ सौम्य पडते. ते पाण्याबरोबर आत झिरपते. पण पावसात उघडे पडले तर पाण्याबरोबरच बाहेरही येते. म्हणजे औषध कोणतेही असो, कवेलू जागेवर असणे आलेच.

अखेर घर पाडले नाही. खांबाचा कुजलेला पाय कापून तिथे जुन्या सागाच्या गाभ्याचा तुकडा सांध्याने बसवला, भोवतालची फरशी फोडून उथळा मोकळा केला आणि नव्या-जुन्या लाकडाला बोरॅक्सचे द्रावण पाजले. खर्च स्लॅबच्या मानाने किरकोळच आला. खरी अडचण पैशांची नव्हतीच. माकडांनी सरकवलेले कवेलू दरवर्षी पावसाळ्यापूर्वी फेरावे लागतात आणि ते फेरणारी माणसे आता शोधावी लागतात. बंद खोल्यांच्या खिडक्या उघडायला कुणीतरी घरात असावे लागते.

मिस्त्री जाताना काकूंना म्हणाले, “बाई, खांब आता तुमच्याहून जास्त जगंन.” काकू हसल्या. आम्ही भावंडे मात्र हसू शकलो नाही, कारण काकूंनंतर त्या खिडक्या रोज कोण उघडणार, याचे उत्तर कोणत्याही द्रावणात नव्हते. यंदापासून ज्येष्ठाच्या आरंभी प्रत्येकाने चार दिवस मोहगावला राहायचे, असे तूर्त ठरले आहे.