उशिरा उमटणारा स्वर

शिक्षकानें आपली चूक शाळेच्या वार्षिकांत छापून आणावी, अशी रीत नाहीं. तथापि जिला मी सर्वांदेखत बोललों, तिच्याकरितां हा खुलासा अवश्य आहे.

गतवर्षीं स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असतां आमच्या जुन्या पेटीचा भाता फाटला. तेव्हां लॅपटॉपास कीबोर्ड जोडून संगणकांतील ऑर्गनच्या स्वरावर समूहगान बसवावें, असें ठरलें. नववींतील एक विद्यार्थिनी वाजवावयास बसली. गाणें प्रत्येक ओळीस मागें पडूं लागलें. "तुझा ताल कोठें आहे?" असें मीं तिला तीन वेळां खडसावून विचारलें. ती कांहीं बोलली नाहीं. सर्व मुलें गेल्यावर मी स्वतः कीबोर्डवर बसलों, आणि पहिलीच पट्टी दाबतांच माझा चेहरा उतरला. बोट टेकून उठलें, तरी स्वर यावयाचाच होता!

दोष ड्रायव्हरच्या निवडीचा होता. ड्रायव्हर म्हणजे संगीताचा प्रोग्रॅम आणि साउंड कार्ड यांमधील दुभाषा. विंडोजचा नेहमींचा मार्ग सर्व प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र मिसळून मग कार्डाकडे पाठवितो. नुसतें गाणें ऐकणारास त्यानें कांहीं अडत नाहीं, वादकास मात्र अडतें. म्हणून जर्मनींतील स्टाइनबर्ग कंपनीनें १९९७ सालीं एएसआयओ नांवाची पद्धति काढली. ती ही मिसळण्याची जागा टाळून कार्डाशीं जवळजवळ थेट बोलते.

दुसरी गोष्ट बफरची. कार्ड सेकंदास ४४,१०० नमुने वाजवितें, परंतु ते एकेक न घेतां गठ्ठ्यानें घेतें. गठ्ठा १,०२४ नमुन्यांचा असेल तर तेवढ्यांतच सुमारें २३ मिलिसेकंद जातात. १२८ चा केल्यास तीनहि लागत नाहींत. दहा मिलिसेकंदांत ध्वनि हवेंतून सुमारें साडेतीन मीटर जातो. म्हणजे तितका विलंब पेटीपासून तेवढें दूर बसल्यासारखाच, व तो सोसतां येतो. पण गठ्ठा फारच लहान केला कीं संगणकास तो वेळेवर भरतां येत नाहीं, आणि आवाजांत तडतड होते.

आमच्या लॅपटॉपच्या अंगच्या कार्डास स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नव्हता. म्हणून एएसआयओ-फॉर-ऑल हा फुकट मिळणारा ड्रायव्हर घातला. तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढविलेला अंगरखा आहे. कार्डाचा दर्जा त्यानें वाढत नाहीं, आणि तो चालू असतां इतर प्रोग्रॅम कधीं कधीं मुके होतात. पण आमचें काम भागलें. ज्यांच्याजवळ निराळा ऑडिओ इंटरफेस असेल, त्यांनीं त्याच्या निर्मात्याचाच ड्रायव्हर घ्यावा, असें माझें मत आहे. मॅकवाल्यांस ही यातायात नाहीं. तेथें कोअर ऑडिओ मूळचाच असतो.

दुसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष मीं तिला म्हटलें, "बाळ, ताल तुझा चुकला नव्हता, चूक माझी होती."

"सर, मला तें पहिल्याच दिवशीं कळलें होतें," ती म्हणाली, "पण तुम्हांला सांगावयाचा धीर झाला नाहीं."

या उत्तरानें मला जेवढें ओशाळें केलें, तेवढें त्या यंत्रानें केलें नव्हतें. मग तिनेंच बफर ६४ वर आणून पाहिला, स्वर तडतडला. २५६ वर ठेवून तिनें पुन्हा एक पट्टी दाबली, कान देऊन ऐकलें, आणि गाणाऱ्या मुलांकडे वळून म्हणाली, "आतां म्हणा."