तसबिरीसमोरचा डोळा

गेल्या वर्षी वाईच्या घरात मी कॅमेरा बसवला. आई शहात्तर वर्षांची, एकटी राहते. मोरीत पाय घसरून पडली तेव्हा शेजाऱ्यांना कळायला दोन तास लागले होते. कारण एवढेच, आणि ते खोटे नव्हते. ‘पहारेकरी ठेवलास होय?’ इतकेच ती म्हणाली.

पुढे पुण्यात पेपर तपासता तपासता फोनवर ते घर पाहण्याची मला सवय लागली. एका दुपारी ती वडिलांच्या तसबिरीसमोर बसून भांडत होती. कॅमेऱ्याला ऐकूही येते, हे मी तिला सांगितले नव्हते. तरी तीन-चार मिनिटे मी ऐकत राहिलो. बेंथॅमच्या कारागृहाविषयी फुको काय म्हणतो, हे मी वर्षानुवर्षे एम.ए.च्या वर्गात सांगत आलो आहे. त्या दुपारी त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

रात्री वाटले, हे भांडण आता आणखी कुठे असेल? चित्रण घरात राहत नाही. ते कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाऊन साठते. 2023 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनच्या ‘रिंग’वर ठेवलेल्या आरोपांत असे होते, की 2017 मध्ये एक कर्मचारी कित्येक महिने स्त्री-ग्राहकांच्या घरांतील हजारो चित्रणे पाहत होता, शयनगृहांतलीसुद्धा. 58 लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटले. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘वाइझ’च्या सुमारे 13 हजार ग्राहकांना बिघाडामुळे परक्या घरांची चित्रे दिसली, त्यांतल्या 1,504 जणांनी त्यांवर टिचकीही मारली. मला हा दुसरा आकडा अधिक छळतो. मी त्यांच्यातलाच.

2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. 2023 चा विदा संरक्षण कायदा मात्र व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. म्हणजे त्या कायद्याखाली आईला माझ्याविरुद्ध दाद मागता येणार नाही. (तिने मागितली नसतीच, हे निराळे.)

दिवाळीत गेलो तेव्हा सांगून टाकले. ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, ‘त्यांनी काय उत्तर दिलं, तेही आलं का रे ऐकू?’

कॅमेरा आता अंगणाकडे तोंड करून आहे. ती पुन्हा मोरीत पडली, तर मला दिसणार नाही.