सईच्या वाट्याच्या दोन ओळी

चि. सौ. मंजूस,



तुझं पत्र परवा मिळालं. हल्ली सगळं फोनवर उरकतं, त्यामुळे पाकीट हातात पडलं तेव्हाच वाटलं, पोरीच्या मनात काहीतरी साचलंय. चार पानं ओजसबद्दल आहेत. वाढदिवसाला नेलं तर तासभर ओढणी सोडत नाही, सहा महिने झाले तरी शाळेत बाईंशी एक शब्द बोलत नाही, सासूबाई ‘पोरीसारखा काय लाजतोस’ म्हणतात आणि सासऱ्यांनी कराटेचा क्लाससुद्धा पाहून ठेवलाय. मग अगदी शेवटी सईबद्दल दोन ओळी: ‘सई गुणी आहे. तिचा काही त्रास नाही.’

चार पानं मी एकदा वाचली. त्या दोन ओळींपाशी मात्र परत परत येऊन थांबले.

दिवाळीत मी तुमच्या दारात उभी राहिले तेव्हा दोन्ही मुलं एकदमच मागे सरली होती. ओजस तुझ्या पाठीशी लपला, सई फ्रिजच्या आड गेली. ओजसला तू हाताला धरून पुढे आणलंस, नमस्कार करायला लावलास. सईला कोणी हाक मारली नाही. ती तशीच स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, खाली मान घालून माझ्यासमोर ठेवला आणि परत आत निघून गेली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मीही केलं. तीस वर्षं मानसशास्त्र शिकवूनही मी त्या वेळी चुकले, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

जेरोम कॅगन हे नाव तू माझ्या तोंडून ऐकलं असशील. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ, २०२१ मध्ये गेले. त्यांनी चार महिन्यांच्या सुमारे ५०० बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले, स्पिरिटचा पुसट वास असलेला बोळा नाकाशी धरला. पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडायचं, पाठीची कमान करायचं, रडायचं. पाचातली दोन निवांत पडून असायची. मग ही मुलं चांगली पंधरा वर्षांची होईपर्यंत ते त्यांना पुन्हा पुन्हा भेटत राहिले. पहिल्या गटातली बरीच मुलं पुढे नव्या माणसांपाशी, नव्या जागी बिचकणारी निघाली. म्हणजे ओजसचा हा स्वभाव तुझ्या लाडाने आलेला नाही. सासूबाईंना हे खुशाल सांग. पण सगळीच तशी निघाली नाहीत, हेही कॅगन तितक्याच ठामपणे सांगत. असं बाळ मोठेपणी बेधडक होणं अवघड, एवढं म्हणता येतं. ते भित्रंच होईल असं मात्र म्हणता येत नाही.

मला आज सांगायचंय ते त्यांच्या आधीच्या कामाबद्दल. ओहायोतल्या फेल्स संस्थेत १९२९ पासून काही मुलांच्या जन्मापासूनच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. कॅगन आणि हॉवर्ड मॉस यांनी ती मुलं मोठी झाल्यावर त्यांना गाठलं आणि १९६२ मध्ये ‘बर्थ टु मॅच्युरिटी’ हे पुस्तक काढलं. लहानपणी गप्प, दबलेल्या, दुसऱ्याच्या आधाराने राहणाऱ्या मुली मोठेपणीही बऱ्याच अंशी तशाच राहिल्या होत्या. तशाच मुलग्यांवरून मात्र पुढचा अंदाज बांधता येईना. रागाचं उलटं. तापट मुलगे तापट राहिले, तापट मुलींचा ताप वाटेत कुठेतरी गडप झाला. लोकांना जे ज्याच्या अंगावर शोभतंसं वाटतं ते टिकतं, न शोभणारं खरवडून काढलं जातं, असा त्यांनी याचा अर्थ लावला.

मंजू, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी विहिरीच्या काठावर पाहिलंय. तुझ्या आजोळची ती पायऱ्यांची विहीर. तुझा मधला मामा आणि मी दोघंही पाण्याला सारखीच घाबरायचो. खरं तर तोच जास्त. तुझ्या आजोबांनी त्याच्या पाठीला सुका भोपळा बांधला, कमरेला दोर बांधला आणि सगळी मे महिन्याची सुट्टी त्याला रोज पाण्यात उतरवलं. तो रडला, ओरडला, जून उजाडेपर्यंत वरून उड्या मारायला लागला. मी पायरीवर त्याचे कपडे सांभाळत बसायचे. माझी भीती कोणाला सलली नाही. मला अजून पोहता येत नाही, आणि तो मामा आजही सांगतो, हिला पहिल्यापासून पाण्याची आवडच नाही.

मोठी माणसं मुद्दाम असं करत नाहीत, म्हणून तर ते दिसत नाही. कॉर्नेल विद्यापीठात कॉन्ड्री दांपत्याने १९७६ मध्ये दोनशेहून जास्त लोकांना एका नऊ महिन्यांच्या बाळाची चित्रफीत दाखवली. झाकण उघडलं की उसळून वर येणाऱ्या बाहुल्याला पाहून ते बाळ रडतं. बाळ मुलगा आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला. मुलगी सांगितलेल्यांना भीती दिसली. बाळ तेच, रडणं तेच! आणि २००० साली न्यूयॉर्कमध्ये अकरा महिन्यांच्या रांगत्या बाळांच्या आयांना विचारलं, तुमचं बाळ किती उताराची घसरण पार करेल? मुलग्यांच्या आयांनी अंदाज जास्त बांधला, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात मुलगे आणि मुली सारखेच रांगले.

मुलगा-मुलगीत फरकच नसतो, असं मी म्हणत नाही. सरासरीने मुलगे जास्त धडपडे असतात आणि स्वतःला आवरणं मुलींना लवकर जमतं, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. पण बुजरेपणात तो फरक जेमतेम आहे. म्हणून ‘पोरीसारखा’ हा शब्द मला दोघांवरही अन्याय करणारा वाटतो. त्याने ओजसला स्वतःची लाज वाटायला लागेल, आणि शेजारी बसलेली सई त्याच वाक्यातून, आपल्याला असंच राहायचंय, हे शिकेल.

ओजसला कराटेत ढकलू नका. पण त्याला पाठीशीही घालू नकोस. कॅगन यांच्या सहकारी डोरीन आर्कस यांना दिसलं होतं, की अशा बाळाची प्रत्येक कुरकुर झेलणाऱ्या आयांपेक्षा, प्रेमाने पण न डगमगता थोडी मागणी करणाऱ्या आयांची मुलं पुढे कमी घाबरली. वाढदिवसाला पाहुणे यायच्या आधीच त्याला घेऊन जा. दुकानदाराच्या हातात पैसे त्याला देऊ दे. बोलला नाही तरी चालेल, निदान सुरुवातीला.

आणि हे सगळं सईसाठीही कर. नव्हे, आधी सईसाठी कर, कारण तिच्यासाठी तुला दुसरं कोणी आठवण करून देणार नाही. तिचे बाबा ओजसला सायकलवर एकट्याला सोडतात, तेव्हा तिच्या सायकलची मागची सीट कोण धरून पळतंय, ते बघ. वर्गात उत्तर येत असूनही ती हात वर करत नाही ना, हे बाईंना विचार. पाणी आणायला तिला आवडतं, की पाणी आणलं की तिथून निघून जाता येतं म्हणून ती आणते, हे तिच्याशी एकटीशी बोलून बघ. घाई करू नकोस, लगेच सांगणार नाही ती.

पुढच्या पत्रात ओजसबद्दल दोनच ओळी आल्या तरी मला चालतील. चार पानं सईची हवी आहेत. तिला कशाची भीती वाटते, राग आला की ती कुठे जाऊन बसते, कोणाशी भांडते का, सगळं लिही.

सर्वांस यथायोग्य नमस्कार. दोन्ही मुलांना गोड पापा.

तुझी,
मावशी